दारात फक्त वॅरिंगर

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, "ऑपरेशन झाल्यावर घरी कोण नेणार तुम्हाला?" आणि कॅझ व्रोबेल पटकन बोलून गेला, "मुलगी."

बोलून गेला आणि मग त्याचं त्यालाच कसंसं झालं. मुलगी होती, नव्हती असं नाही. जॅनीन तिचं नाव. दोन तासांवर ग्रँड रॅपिड्सला राहायची, तिथल्या शाळेत शिकवायची. पण आईला मूठमाती देऊन गेली ती गेलीच, परत तिने या गावात पाऊल टाकलं नव्हतं. नाताळात फोन यायचा. कसा आहेस, बरा आहे, बर्फ पडला का, पडला, ठेवते मग. बापलेकीत एवढंच बोलणं उरलं होतं.

"मग छानच झालं," नर्स म्हणाली. "पण त्यांना आत यावं लागेल हं. बाहेरून हॉर्न वाजवून चालायचं नाही. त्यांची सही घेतल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही. टॅक्सी नाही, बस नाही. गुरुवारी सकाळी या."

"येईल की. न यायला काय झालं?" कॅझ वर आणखी तोऱ्यात म्हणाला.

पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाने सरळ सांगावं की बाई, मला कोणी नाही. पण छे! चार लोकांत मान खाली घालायची म्हटलं की या माणसाच्या जिवावर यायचं. बाहेर येऊन तो आपल्या टॅनेजरमध्ये बसला, किल्ली फिरवली आणि हातावर हात ठेवून वाट बघू लागला, कारण चालू व्हायचं की नाही हे ठरवायला त्या गाडीला जरा वेळ लागायचा.

टॅनेजर म्हणजे वॅरिंगर टॅनेजर. हॅल्स्टेडमध्ये हे कुणाला सांगावं लागत नाही, अख्खं गाव वॅरिंगरच्याच जिवावर उभं राहिलं. म्हातारा एझ्रा वॅरिंगर मुळात घोडागाड्यांची चाकं करणारा. त्याने नदीकाठी कारखाना घातला, मोटारी काढल्या, आणि मग पोलंडहून, अलाबामाहून, लेबनॉनहून माणसं आली ती इथलीच झाली. कॅझचा बाप त्या कारखान्यात होता, आणि कॅझ शाळा सुटली तसा त्याच फाटकातून आत गेला. काय दिवस होते ते! तेव्हाची वॅरिंगर प्रेअरी म्हणजे लाकडी पट्ट्यांची लांबलचक गाडी. मागे पोरंटोरं, टपावर होडी, निघाले सगळे तळ्यावर. ती दारात आली की संसार मार्गी लागला असं लोक धरून चालायचे.

मग पेट्रोल भडकलं, लोकांना लहान गाड्या हव्या झाल्या, जपानी गाड्या बंदरात उतरू लागल्या, आणि वॅरिंगरने घाईघाईत टॅनेजर काढली. दिसायला गोड. पण इंजीन तापलं आणि वेग कमी केला की मध्येच गप्प व्हायची. वळणावर म्हणू नका, सिग्नलला म्हणू नका. ना धूर, ना खडखडाट, नुसती गप्प.

लोक थोडेच गप्प बसणार! सारख्या बिघडणाऱ्या गाडीला या देशात लिंबू म्हणतात. टॅनेजर घेऊन पस्तावलेल्या ओहायोतल्या लोकांनी गाड्यांच्या आरशांना खरीखुरी लिंबं टांगली आणि विक्रेत्यांच्या दुकानांवरून मिरवणूक काढली. आपल्याकडे गाडीला लिंबू बांधतात ते दृष्ट लागू नये म्हणून. त्यांनी बांधलं ते कंपनीला लाज वाटावी म्हणून. कंपनीला ती काही वाटली नाही.

त्याच सुमारास कॅझची पाठ गेली. दिवसभर गाड्यांची दारं उचलून बसवायचं काम, ते आता झेपेना. कंपनीने त्याला काढलं नाही, वर ऑफिसात टेलिफोनवर बसवलं. देशभरातून तक्रारी यायच्या, त्या ऐकून घ्यायच्या. साहेबाने एक वाक्य पढवून ठेवलं होतं आणि बजावलं होतं की तक्रार कुठलीही असो, आधी हे बोलायचं: "अशी तक्रार आमच्याकडे याआधी आलेली नाही." कॅझ ते बोलायचा, फोन ठेवायचा, फोन परत वाजायचा. तीच तक्रार, तेच वाक्य. बायका रडायच्या, पुरुष आयमायवरून शिव्या घालायचे. कॅझ शांतपणे ऐकून घ्यायचा. कंपनीचं मीठ खाल्लं होतं ना.

आता गावची एक रीत सांगितली पाहिजे. कारखान्याच्या फाटकापाशी फक्त वॅरिंगर लागायची. दुसऱ्या कंपनीची गाडी आणलीत तर रेल्वेच्या रुळांपलीकडे लावा आणि थंडीत तंगडतोड करत या. युनियनच्या हॉलपुढे तोच कायदा. आणि घरोघरीसुद्धा तोच! मेहुणा येवो नाहीतर पाद्री येवो, वॅरिंगर नसेल तर गाडी दारात लागणार नाही. जपानी असेल तर समोरच्या रस्त्यावरही नको, नजरेआड कुठेतरी. यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. ज्या हातांनी गाडी केली त्या हातांसमोर दुसऱ्याची गाडी कशाला आणायची, असा सगळा हिशेब.

जॅनीनला लग्नात बापाने टॅनेजरच दिली होती. एका जानेवारीत ती तान्ह्या पोराला डॉक्टरकडून घेऊन येत होती. हिमवादळ सुरू झालं, पुढच्या गाड्या हळू झाल्या, तिने वेग कमी केला आणि टॅनेजर भर हायवेवर गप्प झाली. मागून ट्रक येताहेत, पोर किंचाळतंय. कुणा भल्या ट्रकवाल्याने दोघांना उचलून पेट्रोल पंपावर पोचवलं. तिथून तिने बापाला फोन लावला, तोही ऑफिसात, कारण त्या वेळी तो तिथेच असायचा. साहेब टेबलापाशी उभा होता म्हणा, सवय म्हणा, पोरीचं सगळं ऐकून घेऊन कॅझच्या तोंडून निघालं, "अशी तक्रार आमच्याकडे याआधी आलेली नाही."

पलीकडे थोडा वेळ नुसतं पोराचं रडणं ऐकू आलं. मग फोन बंद झाला.

थोड्याच दिवसांत तिने जपानी गाडी घेतली. कॅझने निरोप धाडला, दारात लावायची नाही. ती बरं म्हणाली. मग वर्षानुवर्षं ती आईला भेटायला यायची ती गाडी सेंट हेडविग चर्चच्या मागे लावून, एका हातात पोर, दुसऱ्या हातात पिशव्या, बर्फ तुडवत. तिची आई ल्यूसिल खिडकीत उभी राहून वाट बघायची आणि नंतर दिवसभर नवऱ्याशी बोलायची नाही.

आणि ल्यूसिल गेली त्या दिवशी तर त्याने कहरच केला. शवगाडीच्या मागे पहिली गाडी घरच्यांची असते. जॅनीन तिथे आपली गाडी घेऊन उभी होती, रडून रडून डोळे सुजलेले. कारखान्यातले जुने दोस्त आपापल्या वॅरिंगर घेऊन रांगेला लागलेले. कॅझ तिच्या काचेपाशी गेला, खाली वाकला आणि म्हणाला, "तू मागे लाव. शेवटी." आणि ती गेली की हो मागे! जन्म दिलेल्या आईच्या मागे पोटची पोरगी सगळ्यात शेवटी. ती कबरीपाशी पोचली तोवर पाद्रीबाबाचं वाचून अर्धं झालं होतं. दुसऱ्या कुठल्या गावात असं कोणी केलं असतं तर लोकांनी जोड्याने मारलं असतं. हॅल्स्टेडमध्ये कुणी ब्रसुद्धा काढला नाही.

बरं, जिच्यापायी हे केलं ती कंपनी तरी राहिली का? दिवाळं निघालं. नाव, तक्रारीच्या टेलिफोनसकट, कुणीतरी विकत घेतलं, कारखाना पाडला, युनियनच्या हॉलमध्ये गाद्यांचं दुकान आलं. दोस्तमंडळी फ्लोरिडाला गेली, नाहीतर सेंट हेडविगच्या मातीत. राहिला कॅझ. सकाळी कॉफी करायचा ती अजून दोघांची व्हायची. उरलेली सिंकमध्ये ओतायची. जेवताना टीव्ही मोठ्याने लावायचा, कारण काट्याचा बशीवर होणारा आवाज त्याला सहन व्हायचा नाही.

दवाखान्यातून आला तसा तो शेजारच्या ओडेसा पिकेटकडे गेला. तिचा नवरा कॅझच्याच पाळीत होता, आता तीही एकटीच.

"मिस्टर कॅझ, मी गाडी चालवणं सोडलं हे काय तुम्हाला ठाऊक नाही?" ओडेसा म्हणाली. "ब्रेक दाबला की गुडघ्यातून अशी कळ येते की सगळे प्रेषित आठवतात."

"मग तुमच्या चर्चची व्हॅन?"

"ती सोडते आणि पळते. सही कोण करणार, व्हॅन?" तिने त्याच्यापुढे मक्याच्या पावाचा तुकडा सरकवला. "तुम्हाला मुलगी आहे ना?"

"ती कामात असते."

"विचारलंत तिला?"

कॅझ पाव चावत राहिला.

"न विचारताच कळलं? मोठे अंतर्ज्ञानी लागून गेलात!"

"तुम्ही मध्ये पडू नका हो, मिसेस पिकेट."

"मी कशाला पडतेय? पडाल तुम्ही, पायऱ्यांवरून, एका डोळ्याने."

कॅझ रागावून घरी आला. पण राग करायला तरी दुसरं माणूस लागतं. भिंतीशी किती वेळ रागावणार?

मंगळवारी त्याने ठरवलं, बोलिंगच्या क्लबात जाऊ, जुन्यातलं कोणीतरी भेटेल, चहापाण्याच्या बोलीवर येईल. निघाला. उजव्या डोळ्याला सगळं दुधाळ दिसत होतं, तरी निघाला. जिथे कारखाना होता तिथे आता नुसतं सिमेंटचं मैदान आहे, फटींतून गवत आलेलं. त्याच्यासमोर डावीकडे वळायचं. कॅझने वेग कमी केला, आणि ऐन वळणावर टॅनेजर गप्प झाली.

एरवी त्याची युक्ती ठरलेली. थांबायचं, स्टिअरिंगवर हलकी थाप मारायची, परत किल्ली. आज काही होईना. मागे गाड्यांची रांग लागली. एक पिकअपवाला खेटून गेला आणि काच खाली करून ओरडला, "ओ आजोबा! म्यूझियम उलट्या बाजूला आहे!"

"तुझ्या बापाने केली असेल ही!" कॅझ ओरडला. पण तो निघूनही गेला होता.

कॅझने खिशातला घडीचा फोन काढला आणि वॅरिंगरचा तक्रारीचा नंबर फिरवला. तो त्याला तोंडपाठ होता, दुसरा कुठलाच नव्हता. आजवर त्याने स्वतःच्या गाडीची तक्रार कधी केली नव्हती. आपल्याच घरची निंदा कोण करतो?

"वॅरिंगर मालक सेवा, मी शॅन्टेल बोलतेय. काय मदत करू?" दक्षिणेकडच्या मुलीचा आवाज होता, गोड आणि थकलेला.

"टॅनेजर आहे. तापली की वळणावर बंद पडते."

पलीकडे कीबोर्डवर बोटं खटखट चालली. "तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं, सर. पण अशी तक्रार आमच्याकडे याआधी आलेली नाही."

कॅझला हसूच फुटलं. मागे हॉर्न वाजताहेत आणि हा आपला एकटाच हसतोय. "म्हणजे अजून तेच वाक्य चालतं होय!"

"सर?"

"पोरी, याच नंबरवर मी बसायचो. तुझा जन्मही नसेल झाला तेव्हा. हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलायचो, बायको सांगायची. खरं सांग मला, आली होती की नाही ही तक्रार?"

मुलगी हळूच म्हणाली, "सर, फोन रेकॉर्ड होतो."

त्यात काय ते उत्तर आलंच.

"आणखी काही मदत करू का, सर?"

हाही ठरलेला प्रश्न, तोही कॅझने हजारदा विचारलेला. याला लोक नाही म्हणतात आणि फोन ठेवतात. पण फोन ठेवला की गाडीत परत तो एकटाच उरणार होता. तो म्हणाला, "गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. मला घरी न्यायला कोणी नाही."

"सर... ते आमच्या खात्यात येत नाही."

"हो, ठाऊक आहे मला."

"तुमचं कुणीच नाही का, सर?" हे काही तिच्या समोरच्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"मुलगी आहे."

"मग तिला सांगा ना."

"तिची जुनी तक्रार आहे," कॅझ म्हणाला. "ती मी घेतली नाही."

गाडी ओढून न्यायला ट्रक आला. ड्रायव्हरने घरापाशी येऊन विचारलं, "दारात ठेवू ना?" कॅझ थोडा वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत उभा राहिला. या दारात वॅरिंगर नाही असा दिवस त्याच्या आठवणीत नव्हता.

"नको," तो म्हणाला. "रस्त्यावर ठेव. कडेला."

संध्याकाळी त्याने फोन लावला. दोनदा लावून कापला, तिसऱ्यांदा वाजू दिला.

"पपा?" जॅनीनचा आवाज घाबरलेला होता. "काय झालं? आज नाताळ नाही."

"काही नाही. सहज. गुरुवारी काय करतेस?"

"शाळा असते. का?"

"असंच." "माझ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. घरी आणायला कुणीतरी लागतं म्हणे. टॅक्सी चालत नाही. तुला जमण्यासारखं नसेल तर राहू दे, मिसेस पिकेट येतील."

"त्या गाडी चालवत नाहीत, पपा."

"तुला कसं ठाऊक?"

"करतात त्या मला फोन अधूनमधून." ती जराशी हसली असावी, किंवा नसेलही. "मी येईन. पण माझी गाडी तीच आहे, पपा. म्हणजे तसलीच. तू बसशील तिच्यात?"

कॅझने डोळे मिटून घेतले. "बसेन," तो म्हणाला.

दारातली जागा रिकामी ठेवलीय, हे मात्र त्याच्या तोंडून निघेना. चार शब्दांचं काम, पण ते राहूनच गेलं. आली की दिसेलच तिला, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

बुधवारी रात्रभर बर्फ पडला. गुरुवारी उजाडताच कॅझ फावडं घेऊन दारात उतरला. पाठ ठणकत होती, उजव्या डोळ्याला बर्फ कुठे संपतो आणि जमीन कुठे लागते ते दिसत नव्हतं, तरी हा रेटतोय. ओडेसा अंगावर गोधडी ओढून व्हरांड्यात आली.

"मिस्टर कॅझ, बर्फ काढताय की माझ्या गुलाबांना पुरताय?"

"आत जा, थंडी लागेल!"

"गाडी तर तुमची रस्त्यावर उभी. मग हे दार कुणासाठी झाडताय?"

कॅझने काठापासून काठापर्यंत जागा साफ केली, वर मीठ टाकलं, घसरायला नको म्हणून. मग आत जाऊन कोट घातला आणि ल्यूसिल उभी राहायची त्या खिडकीत उभा राहिला.

गाड्या येत होत्या, जात होत्या. दरवेळी वाटायचं ही वळेल, आणि ती सरळ निघून जायची. निघायची वेळ झाली. येणार नाही ती, त्याच्या मनात आलं. का यावं? आपण असतो तर आलो असतो का? आपण नसतोच आलो. दवाखान्याला फोन करून ऑपरेशन नको म्हणून सांगावं आणि कोट काढून टाकावा, असं त्याला वाटू लागलं.

मग त्याला रस्त्याच्या कडेने, चर्चच्या बाजूने, कुणीतरी चालत येताना दिसलं. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, बर्फातून पाय उचलून टाकत. चेहरा त्याला ओळखू येत नव्हता. पण चाल ल्यूसिलची होती.

जॅनीन आली, दाराशी पाय आपटून बुटांवरचा बर्फ झाडला. केस पिकायला लागले होते तिचे. हे कधी झालं, कॅझला कळलंच नव्हतं.

"उशीर झाला का? चर्चमागे गाडी लावायला जागा करावी लागली, तिथे कुणी बर्फच काढला नाही."

"पण इथे जागा होती ना," कॅझ म्हणाला. "साफ केलीय ती."

जॅनीनने मागे वळून पाहिलं. स्वच्छ झाडलेली, रिकामी जागा. "हो, बघितली मी येताना," ती म्हणाली. "मला वाटलं, रस्त्यावरची तुझी गाडी आत घ्यायचीय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, त्याला उलट उत्तर देता आलं असतं. तिला खरंच तसं वाटलं होतं. कॅझला एकदम इतकं वाईट वाटलं की तो काठी शोधायच्या निमित्ताने आत गेला आणि जरा वेळ तिथेच उभा राहिला.

मग दोघं चर्चपर्यंत चालत गेली. तिने त्याचा हात धरला होता, बर्फावर तो घसरू नये म्हणून. हा रस्ता एवढा लांब आहे हे त्याला त्या दिवशी समजलं. रिकाम्या हातांनी चालतानाही लांब. आणि ती तर कडेवर पोर आणि पिशव्या घेऊन चालायची.

ऑपरेशन फार वेळ चाललं नाही. शुद्ध होतीच, नुसते दिवे हलताना दिसले. बाहेर आणलं तेव्हा डोळ्यावर पट्टी आणि प्लास्टिकची वाटी बांधलेली. नर्सने जॅनीनची सही घेतली आणि म्हणाली, "अच्छा, याच का त्या! विचारलं की वडील लगेच म्हणाले, मुलगी येईल म्हणून."

"असं म्हणाले?" जॅनीनने बापाकडे पाहिलं. कॅझ बुटांकडे बघत होता.

गाडीत बसल्यावर तो काही वेळ कान देऊन होता. "चालू आहे ना?"

"चालू आहे, पपा."

"आवाज नाही हिचा."

"नसतो."

मैदानापाशी आले. तेच वळण. जॅनीनने वेग कमी केला आणि कॅझने दाराची मूठ घट्ट धरली, अंग चोरलं, हिचंही इंजीन आता जाणार म्हणून. काही गेलं नाही. गाडी वळली आणि पुढे निघाली. मूठ मात्र त्याने सोडली नाही.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "कुठे बंद पडली होती ती?"

कुठला दिवस हे तिने विचारलं नाही. समोर बघत ती म्हणाली, "पोर्टलँड गावाच्या अलीकडे. पुलावर. मागून ट्रकचे दिवे दिसत होते आणि मी पोराला पोटाशी धरून मोजत होते, आता धडकेल, आता धडकेल." मग ती म्हणाली, "मला गाडीचं काही म्हणायचं नव्हतं रे, पपा. तू नुसतं विचारायचंस, तुम्ही बरे आहात ना. आणि तू म्हणालास की अशी तक्रार याआधी आलेली नाही."

"येत होती," कॅझ म्हणाला. "रोज येत होती. लग्नात तुला ती गाडी दिली तेव्हासुद्धा येत होती."

जॅनीनने दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिने सवयीने चर्चकडे वळायचा दिवा लावला.

"तिकडे नाही," कॅझ म्हणाला. "दारात घे."

तिने दिवा बंद केला. रस्त्याच्या कडेला टॅनेजर बर्फाखाली उभी होती, तिच्या बाजूने ती पुढे गेली आणि गाडी दारात घेतली. ओडेसा पडदा सरकवून बघत होती, तिने पडदा सोडून दिला. जॅनीनने इंजीन बंद केलं. दोघंही उतरेनात.

"आणखी काही तक्रार?" कॅझने विचारलं. इतकी वर्षं विचारलेला तोच प्रश्न, फक्त मदतीच्या जागी तक्रार.

"खूप आहेत."

"मग सांग. मी आहे इथेच."

काचांवर थंडीने वाफ धरत होती. जॅनीनने बाहीने डोळे पुसले, हीटर चालावा म्हणून गाडी परत सुरू केली, आणि आईच्या अंत्ययात्रेपासून सुरुवात केली.